माय तिकीट, लेक तिकीट: यवतमाळ जिल्ह्यातल्या एका संग्रहाची फेरमांडणी

संग्रहात 412 तिकिटे आणि 19 मिनिएचर शीट (एकदोन तिकिटे असलेले छोटे सजवलेले पत्रक) होती. विषय एकच, तिकिटावरचे तिकीट. म्हणजे ज्या तिकिटाच्या चित्रातच एखादे जुने टपाल तिकीट छापलेले आहे, ते. संग्राहक यवतमाळ जिल्ह्यातल्या एका खेड्यातले, जिल्हा परिषदेच्या शाळेतून निवृत्त झालेले गुरुजी. तीन स्टॉकबुके, म्हणजे तिकिटे आडव्या पट्ट्यांत खोचून ठेवायच्या वह्या, देशांच्या नावांप्रमाणे नीट लावलेली. प्रदर्शनातल्या सोळा पानांच्या एका फ्रेमसाठी, म्हणजे पाने लावायच्या चौकटीसाठी, त्यांनी यातूनच पाने तयार केली, तेव्हा परीक्षणात एकच शेरा आला: कथा दिसत नाही. त्याच उन्हाळ्यात तिसऱ्या स्टॉकबुकातली 37 कोरी तिकिटे एकमेकांना आणि पट्टीला चिकटलेली निघाली.

दोन्ही दुखणी वेगळी आहेत, पण कामाला एकदमच घ्यावी लागली. चिकटलेल्या सदतीसमधली निम्मी तिकिटे फ्रेममध्ये हवी होती.

पुढे दोन शब्द वारंवार येतील. चित्रात दाखवलेले मूळ तिकीट ते माय आणि ते चित्र अंगावर घेऊन निघालेले नंतरचे तिकीट ती लेक.

देशवार मांडणीचा घोळ

देशवार लावलेल्या स्टॉकबुकात मॉरिशसच्या 1847 च्या ‘पोस्ट ऑफिस’ तिकिटाची एक लेक मॉरिशसच्या पानावर बसते, दुसरी कुठल्या तरी आफ्रिकी देशाच्या, तिसरी युरोपातल्या. पान चाळणाऱ्याला त्या बहिणी आहेत हे कळतच नाही. उलट एकाच पानावर पेनी ब्लॅक (ब्रिटनचे 1840 चे, जगातले पहिले टपाल तिकीट), पोस्टमन, कबूतर आणि प्रदर्शनाचे बोधचिन्ह शेजारी शेजारी येतात, कारण चारही तिकिटे एकाच देशाची. देशवार मांडणी साठवणुकीला सोयीची आहे, तिकीट चटकन सापडते. पण दाखवायला काढल्यावर तिचा उपयोग संपतो.

म्हणून सगळी तिकिटे चिमट्याने बाहेर काढून वर्तमानपत्रावर नव्हे, पांढऱ्या ड्रॉइंग पेपरवर माय तिकिटानुसार ढीग पाडले. वर्तमानपत्राची शाई उन्हाळ्यात घामट बोटांनी उचलली जाते आणि थेट तिकिटाच्या कडेला लागते, हे सांगायला नको.

ढीग पाडण्याआधी गाळणी लागली. 41 तिकिटांवर तिकीट नव्हतेच. डाकिया, पत्रपेटी, टपालगाडी होती, म्हणजे विषय शेजारचा, पण हा नव्हे. आणखी 97 अजमान, फुजैरा, उम्म अल कुवैन या आखाती संस्थानांच्या नावाची, 1960 च्या दशकातली आणि 1970 च्या सुरुवातीची. ही बहुतेक सीटीओ, म्हणजे टपालात न जाता छापखान्यातच शिक्का बसलेली. ओळखायला सोपी: शिक्क्याचा चतकोर नेमका एका कोपऱ्यात, दर वेळी त्याच जागी, आणि मागे डिंक जसाच्या तसा. पत्रावरून सुटून आलेल्या तिकिटाला डिंक कुठून राहणार? अशी तिकिटे दिसली की परीक्षक नाक मुरडतात, आणि त्यात त्यांचे चुकत नाही. दुहेरी प्रती 58 निघाल्या. उरली 216, आणि त्यांतली 71 एकट्या पेनी ब्लॅकच्या लेकी.

कोणाला लेक म्हणायचे?

गुरुजींच्या मते चित्राचा कुठलाही भाग आला तरी ते तिकिटावरचे तिकीट. एवढ्या सैल निकषावर फ्रेम उभी राहत नाही. ठरले ते असे: मायची पूर्ण चौकट आणि तिच्यावरचा मूल्याचा मजकूर, दोन्ही दिसले तरच लेक. फक्त चेहरा उचललेला असेल तर बाहेर.

या निकषाची कसोटी दोन ठिकाणी लागली. ब्रिटनने 6 मे 1940 रोजी पेनी ब्लॅकच्या शताब्दीला काढलेल्या सहा तिकिटांवर व्हिक्टोरिया आणि सहावा जॉर्ज यांची डोकी शेजारी आहेत, पण पेनी ब्लॅकची चौकट नाही. तो संच गुरुजींचा लाडका, तरी बाहेर. दुसरे उदाहरण अमेरिकेचे. 1947 साली त्यांच्या तिकिटांच्या शताब्दीला 3 सेंटचे जे तिकीट निघाले त्यावर वॉशिंग्टन आणि फ्रँकलिन आहेत, त्यांची 1847 ची तिकिटे नाहीत. ते बाहेर. मात्र त्याच वर्षी न्यूयॉर्कच्या प्रदर्शनानिमित्त निघालेल्या शीटवर 1847 ची 5 आणि 10 सेंटची तिकिटे चौकटीसकट आहेत, म्हणून ती आत. या शीटमध्ये पाहण्यासारखे म्हणजे रंग. मूळ 5 सेंट लालसर तपकिरी आणि 10 सेंट काळे होते, तर शीटवर 5 निळे आणि 10 तपकिरी-नारिंगी. प्रतिकृती मूळ म्हणून खपू नये यासाठी रंग बदलणे ही जुनी आणि उपयोगी खबरदारी. पानावर हा फरक लिहून दाखवला की ‘अभ्यास’ या रकान्यात गुण पडतात.

गुणांचा हिशेब आधी पाहिला असता तर गुरुजींचे बरेच श्रम वाचले असते. प्रदर्शनाच्या थीमॅटिक, म्हणजे विषयवार संग्रहांच्या वर्गात शंभरपैकी मांडणीच्या विचाराला 35, ज्ञान आणि अभ्यासाला 30, अवस्था आणि दुर्मिळतेला 30, आणि सजावटीला फक्त 5. त्यांच्या पहिल्या पानांवर रंगीत वेलबुट्टीची किनार होती. तिच्यावर दोन महिने गेले होते.

चौदा वर्षांचा धागा

216 तिकिटे सोळा पानांत मावत नाहीत, आणि मावली तरी ती यादी होते. पानाला अंदाजे चार-पाच तिकिटे आणि भोवती मोकळी जागा, म्हणजे सत्तरच्या आसपास. काय ठेवायचे हे ठरवायला एक प्रश्न लागतो. इथे प्रश्न असा घेतला: लंडनमध्ये 1840 ला निघालेले तिकीट 1854 पर्यंत कलकत्त्याला कसे पोचले, आणि त्या वाटेवरच्या प्रत्येक मायची आठवण पुढच्या शतकात कोणी काढली?

वाट अशी लागते. पेनी ब्लॅक, 1840. ब्राझीलची ‘बैलाचे डोळे’ आणि झुरिकची 4 व 6 रापेनची, दोन्ही 1843. अमेरिका आणि मॉरिशस, 1847. सिंध डाक, 1852. केप ऑफ गुड होपची (आजच्या दक्षिण आफ्रिकेतली) त्रिकोणी तिकिटे, 1853. आणि 1 ऑक्टोबर 1854 पासून सगळ्या हिंदुस्थानात चालणारी तिकिटे. ब्राझीलच्या 1843 च्या तिकिटांची मूल्ये 30, 60, 90 रेइस, आणि 1943 च्या शताब्दी संचाची 30, 60, 90 सेंताव्हो. चलन बदलले, आकडे तेच ठेवले. स्वित्झर्लंडनेही 1943 मध्ये झुरिकची आठवण काढली. मॉरिशसने 1948 मध्ये चार तिकिटांचा संच काढला. दक्षिण आफ्रिकेच्या 1953 च्या दोन तिकिटांत माय त्रिकोणी आणि लेक आयताकृती, म्हणून त्रिकोणाच्या भोवती उरलेली जागा कशी भरली आहे ते भिंगाखाली पाहावे.

पेनी ब्लॅकला दोनच पाने दिली. गुरुजींना ते जड गेले, कारण 71 पैकी जेमतेम नऊ आत आल्या. निवडताना एक साधी तपासणी केली. पेनी ब्लॅकच्या खालच्या दोन कोपऱ्यांत अक्षरे असतात. एका शीटमध्ये 240 तिकिटे, 20 ओळी आणि 12 स्तंभ. म्हणून डावीकडचे अक्षर ए ते टी आणि उजवीकडचे ए ते एल एवढ्यातच असते. एखाद्या लेकीवर उजव्या कोपऱ्यात एम किंवा आर दिसले, तर चित्रकाराने मूळ तिकीट न पाहता अंदाजाने काढले आहे. अशी लेक टाकून देऊ नये. तिच्या खाली हेच लिहावे.

सिंध डाकला तीन पाने, हा निर्णय वादाचा. सिंधचे कमिशनर बार्टल फ्रिअर यांनी 1 जुलै 1852 रोजी हे अर्ध्या आण्याचे गोल तिकीट काढले. आशियातले पहिले. लाखेसारख्या ठिसूळ लाल चकतीवर उठाव दिलेला. चकत्या भुगा होऊ लागल्या म्हणून कागदावर पांढरा उठाव आला, मग निळा छाप. सिंध तेव्हा मुंबई इलाख्यात होता, पण 1952 ला शताब्दीचा संच काढला तो पाकिस्तानने, 14 ऑगस्टला, 3 आणि 12 आण्यांची दोन तिकिटे. माय मुंबई इलाख्याची, लेक पाकिस्तानची. एका पानावर हे नीट लिहिता आले तर फ्रेमचा जीव इथेच आहे, म्हणून तीन पाने. मूळ सिंध डाक विकत घेणे खेड्यातल्या निवृत्तिवेतनात बसत नाही. ती जागा रिकामी ठेवली नाही आणि झेरॉक्सही लावला नाही, फक्त लेकी लावल्या. छायाप्रत लावणे ही सगळ्यात लवकर दिसणारी चूक.

पानांसाठी 160 जीएसएम आम्लरहित कागद घेतला. मजकूर तालुक्याच्या झेरॉक्सवाल्याकडे लेझर प्रिंटरवर काढला, कारण इंकजेटची शाई पावसाळ्यात पसरते. माउंट, म्हणजे तिकीट ठेवायचे पारदर्शक पाकीट, तिकिटापेक्षा दोन मिलिमीटर मोठे कापले. कोऱ्या तिकिटांना माउंट, वापरलेल्यांना हिंज, म्हणजे मागे चिकटवायची डिंकाची छोटी पट्टी, चालते.

सदतीस तिकिटे का चिकटली

गुरुजींचे म्हणणे ठाम होते: “मी त म्हनतो पावसाळ्यानंच केलं हे समदं.” घरात सगळ्यांनी ते मान्यही केले होते. पण तीन गोष्टी जुळत नव्हत्या. चिकटलेली तिकिटे सगळी खालच्या फळीवरच्या एकाच स्टॉकबुकातली होती. ती सगळी डिंक असलेली कोरी होती. आणि ती सापडली मृगाच्या आधी, म्हणजे पाऊस पडायच्या आधी.

साडेतीनशे रुपयांचा डिजिटल आर्द्रतामापक मे महिन्यात पाच दिवस तीन जागी ठेवला. अंगणात दुपारी आर्द्रता 20 टक्क्यांच्या खाली. आतल्या खोलीत 30 च्या आसपास. आणि कपाटाच्या खालच्या फळीवर, कूलर चालू असताना, 74. कपाट कूलरच्या समोर दीड मीटरवर होते आणि खिडकी बंद होती. वाळ्याच्या गवतातून येणारी हवा खोलीत कोंडली की ती गार असते, पण ओलीही. रात्री कूलर बंद झाला की आर्द्रता पुन्हा 30 ते 35 वर. म्हणजे रोज डिंक एकदा मऊ आणि एकदा कडक, आणि वरून आडव्या रचलेल्या स्टॉकबुकांचे वजन. एप्रिलपासून हे चालले होते. पावसाळ्यात त्याच बंद कपाटात आर्द्रता जास्त होती, पण फारशी हलत नव्हती, आणि तेव्हा काही चिकटले नव्हते.

जुन्या तिकिटांचा डिंक बहुधा गम अरेबिक, म्हणजे बाभळीच्याच कुळातल्या झाडाचा. लाडवासाठी आणलेला डिंक दमट दिवसांत डब्यात कसा गोळा होतो हे घरातल्या बायकांना ठाऊक असते. तिकिटाच्या मागे तेच होते, फक्त थर पातळ.

सोडवण्याचे काम दोन टप्प्यांत केले. आधी फ्रीझर. चिकटलेला गठ्ठा झिपच्या पिशवीत, हवा दाबून काढून, चोवीस तास. थंडीने डिंक ठिसूळ होतो आणि पातळ प्लास्टिकची पट्टी कोपऱ्यातून सरकवली की तिकीट सुटते. पहिली खेप मात्र फसली. पिशवी दुपारी, कूलरच्या हवेत उघडली. गार तिकिटांवर ओल्या हवेतले पाणी लगेच जमले आणि सुटलेल्या कडा पुन्हा बसल्या. दुसऱ्या खेपेपासून पहाटे, कूलर बंद करून, पिशवीतून एकेक गठ्ठा काढला आणि दोन मिनिटांत काम संपवले. मधेच वीज गेली तर पिशवी उघडायची नाही, वीज येऊन पुन्हा चोवीस तास जाऊ द्यायचे. या पद्धतीने 22 तिकिटे डिंकासह सुटली.

उरलेली 15 घाम-डब्यात. हवाबंद प्लास्टिकचा डबा, तळाला ओला स्पंज, वर चहाच्या गाळणीसारखी जाळी, जाळीवर तिकिटे डिंकाची बाजू वर करून. पाण्याचा थेंब तिकिटाला लागता कामा नये. दर तासाला पाहायचे, ओढायचे नाही. पट्टीला चिकटलेले असेल तर पट्टीच कापून सोबत ठेवायची. यातून 9 सुटली, पण डिंकाची तकाकी गेली. बाकीच्या 6 पैकी चार मागून खरवडली गेली आणि दोन फाटली. फाटलेल्यांपैकी एक दक्षिण आफ्रिकेचे 4 पेन्सचे होते, ते बदली आणावे लागले. खडूसारखा लेप असलेल्या कागदाच्या किंवा रंग सुटणाऱ्या शाईच्या तिकिटांना घाम-डबा दाखवूच नये, ओलाव्याने वरचा छापच उचलला जातो.

डिंक गेलेल्या तिकिटाला नवा डिंक लावून देणारे लोक आहेत. प्रदर्शनात ते फसवणूक धरले जाते. जसे आहे तसे लावावे किंवा बदलावे.

स्टॉकबुक बदलताना आणखी एक गोष्ट कळली. मऊ, वास येणाऱ्या पीव्हीसी पिशव्यांतली मिनिएचर शीट गुळगुळीत झाली होती. हे प्लास्टिक कालांतराने तेलकट द्रव सोडते आणि छापील शाई त्याला चिकटते. पिशव्या फेकल्या, पॉलिप्रॉपिलीनच्या आणल्या. त्याच कपाटात डांबरगोळ्या होत्या, त्याही काढल्या. कसर मरते, पण वाफ प्लास्टिकला आणि कागदाला लागते.

आता कपाट मधल्या खोलीत, आतल्या भिंतीला, भिंतीपासून चार बोटे सोडून. स्टॉकबुके उभी. फ्रेमची पाने झाकणबंद डब्यात, शंभर ग्रॅम सिलिका जेल मलमलच्या पुरचुंडीत. रंग बदलणारे जेल नारिंगी जातीचे घेतले, निळ्यात कोबाल्ट असते. मे महिन्यात पुरचुंडी काढून ठेवतात. आर्द्रता 45 ते 55 हवी, 25 पर्यंत उतरली तर डिंकाला तडे जातात आणि तिकीट गुंडाळते. उन्हात वाळवून जेल पुरते ताजे होत नाही, मग ऊन 46 अंशांचे का असेना. पुरचुंडीतून काढून जाड तव्यावर मंद आचेवर हलवत रंग परतेपर्यंत तापवावे.

शेवटचे पान

सोळाव्या पानाने घाम फोडला. धागा 1854 वर संपतो, आणि 1 ऑक्टोबर 1954 ला भारताने शताब्दीचा चार तिकिटांचा संच काढला आहे. गुरुजींनी तो आधीच शेवटच्या पानावर लावून ठेवला होता. पण 1 आण्यावर 1854 ची टपाल वाहतूक, 4 आण्यांवर 1954 ची, 2 आणि 14 आण्यांवर कबुतरे आणि विमान. मायचे चित्र एकावरही नाही. आपल्याच निकषाने संच बाहेर पडतो.

काढून टाकावा तर कथा कलकत्त्याच्या दारात थांबते. ठेवावा तर निकष मोडतो. पहिला पर्याय सोपा होता आणि बहुतेक जण तोच घेतात. इथे संच ठेवला, पण लेक म्हणून नव्हे. त्याच्या वर मायच लावली: 1854 चा अर्ध्या आण्याचा निळा, वापरलेला, ठिपक्यांच्या चौकटीचा शिक्का असलेला. कडा चारही बाजूंनी मोकळी असलेली प्रत महाग पडते. एका बाजूने कात्री चौकटीला लागलेली प्रत खूपच स्वस्त मिळते आणि पानावर तीच पुरते. या तिकिटांना दातेरी कड नाही, ती शीटमधून कात्रीने कापत, म्हणून अशा प्रती पुष्कळ. नकला आणि सरकारी पुनर्मुद्रणेही पुष्कळ, त्यामुळे प्रत जाणकाराला दाखवूनच घ्यावी. एकट्या वॉटरमार्कवर (कागद उजेडात धरल्यावर दिसणाऱ्या चिन्हावर) विसंबू नये: ईस्ट इंडिया कंपनीचे चिन्ह अख्ख्या शीटवर पसरलेले असे, एका तिकिटाच्या वाट्याला त्याचा तुकडा येतो किंवा काहीच येत नाही.

हे माय तिकीट मिळाल्यावर कपाटाची चिंताही एका तिकिटापुरती मिटली. सर्वेअर जनरलच्या कलकत्त्याच्या कचेरीत दगडावरून छापलेल्या त्या कागदाला डिंक लावलेलाच नव्हता. चिकटल्या त्या सगळ्या लेकी.

58 दुहेरी प्रती नातीच्या शाळेतल्या फिलाटेली क्लबला गेल्या. सहावी ते नववीच्या मुलांसाठी डाक विभागाची दीनदयाळ स्पर्श शिष्यवृत्ती वर्षाला 6000 रुपयांची आहे. तिच्यासाठी क्लबचे सदस्यत्व किंवा 200 रुपयांपासून उघडता येणारे फिलाटेलिक ठेव खाते लागते. गावच्या शाखा डाकघरात नवी स्मारक तिकिटे सहसा पोचत नाहीत, या खात्यावर ती घरी येतात.

सोळाव्या पानाखालचा मजकूर तीनदा लिहिला गेला. लावला तो असा: “वर 1854. खाली 1954. शंभर वर्षांनी भारताने आपल्या पहिल्या अखिल भारतीय तिकिटाची शताब्दी साजरी केली, पण चित्रात ते तिकीट घेतले नाही. ब्राझील, स्वित्झर्लंड, मॉरिशस आणि पाकिस्तान यांनी घेतले. पाने 5 ते 12 पाहा.”